मिएलेत्सची विमाने आणि करसवलतीचा हिशेब: संक्रमणातील अर्थव्यवस्था, औद्योगिक क्लस्टर आणि प्रादेशिक विकास

वैनतेय (धागालेखक)

आपल्याकडे औद्योगिक क्लस्टरचा, म्हणजे एकाच परिसरात एकवटलेल्या परस्परपूरक उद्योगांचा, विषय निघाला की चर्चा बहुधा जमीन, वीजदर आणि करसवलत या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहते. १९८९ नंतर समाजवादी व्यवस्थेतून बाजारव्यवस्थेकडे वळलेल्या देशांचा अनुभव पाहता मला वेगळीच गोष्ट निर्णायक वाटते. जुना कारखाना कोसळल्यापासून नवा मालक येईपर्यंतच्या मधल्या दहा-पंधरा वर्षांत त्या गावातले कसबी कामगार, त्यांना घडवणाऱ्या शाळा आणि यंत्रशाळा टिकल्या की पांगल्या, यावर पुढचे सगळे ठरले. हे मत मी पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यातील पोदकार्पाचे या प्रांताच्या आधाराने मांडतो आहे. जाणकारांनी ते अवश्य तपासून घ्यावे.

या प्रांतात विमाने कशी आली, याचे मूळ १९३६ पर्यंत मागे जाते. तेव्हाचे उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री यूजेनिउश क्व्यात्कोव्स्की यांनी विस्तुला आणि सान या नद्यांच्या दुआबात ‘मध्यवर्ती औद्योगिक क्षेत्र’ उभारण्याची योजना हाती घेतली. जर्मनी आणि सोव्हिएत संघ या दोन्ही सीमांपासून शक्य तितके दूर राहणे हा लष्करी हेतू तिच्यामागे होता, आणि शेतीवर नको इतकी माणसे अवलंबून असलेल्या या दरिद्री भागाला रोजगार देणे हा आर्थिक हेतूही होता. झेशूफ येथे विमानांच्या इंजिनांचा कारखाना, मिएलेत्स येथे विमानांचा कारखाना आणि स्तालोवा वोला येथे पोलादाचा कारखाना, शिवाय त्यासाठी जंगल तोडून वसवलेले गाव, ही सगळी त्या तीन-चार वर्षांची कमाई होय. युद्धानंतर समाजवादी राजवटीने तोच पाया वाढवला. एकट्या मिएलेत्समध्ये आन-२ या एकावर एक पंख असलेल्या विमानांचे जवळपास १२ हजार नग तयार झाले आणि त्यांतले बहुतेक सोव्हिएत संघाने घेतले. साठ हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात एकेकाळी सुमारे २० हजार माणसे या एकाच कारखान्यात कामाला होती.

सोव्हिएत संघ मोडला आणि हे गिऱ्हाईक एका फटक्यात नाहीसे झाले. पुढे जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९४ च्या कायद्यानुसार १९९५ मध्ये पोलंडमधला पहिला विशेष आर्थिक विभाग मिएलेत्समध्ये सुरू झाला, तो त्याच कारखान्याच्या आवारात आणि त्याच्या लगतच्या जमिनीवर. व्यवस्थापन सरकारी औद्योगिक विकास संस्थेकडे होते. नव्या उद्योगांना आयकरात दीर्घ सूट मिळाली आणि फर्निचर, वाहनांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे असे विमानांशी काहीही संबंध नसलेले कारखाने तेथे आले. दरम्यान मूळ विमान कंपनी दिवाळखोरीत गेली; मात्र विमाने बनवणारा विभाग त्याच संस्थेने १९९८ मध्ये नव्या कंपनीत वेगळा काढून आपल्या ताब्यात ठेवला. त्याला खरेदीदार मिळायला २००७ उजाडले. तेव्हा अमेरिकेच्या सिकोर्स्की कंपनीने तो घेतला आणि ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरची निर्यातीची आवृत्ती तेथे तयार होऊ लागली.

नऊ वर्षे तोट्यातला विमान विभाग सरकारी पैशावर जगवणे हे १९९० च्या दशकातल्या प्रचलित आर्थिक उपदेशाच्या पूर्ण विरुद्ध होते. तो तेव्हाच भंगारात काढला असता तर २००७ मध्ये सिकोर्स्कीला विकत घेण्याजोगे तेथे काय उरले असते, हा प्रश्न मी करसवलतीच्या समर्थकांना नेहमी विचारतो.

झेशूफची कथा थोडी निराळी आहे. तेथील इंजिन कारखाना कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीसाठी १९७६ पासून, म्हणजे समाजवादी राजवट पुरती शाबूत असतानाच, सुटे भाग बनवत होता. त्यामुळे २००२ च्या सुमारास त्याच उद्योगसमूहाने कारखाना ताब्यात घेतला तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना पाव शतक ओळखत होत्या. लगेच २००३ मध्ये ‘दोलिना लोतनिचा’, म्हणजे विमान-खोरे, या नावाची उद्योगांची संघटना स्थापन झाली. तिचे नेतृत्व झेशूफ कारखान्याचे प्रमुख मारेक दारेत्स्की यांच्याकडे होते. अठरा संस्थापक सदस्यांवरून ती दीडशेहून अधिक सदस्यांपर्यंत गेली आणि आज पोलंडच्या विमान उद्योगाचे बहुतांश उत्पादन तिच्या सदस्यांकडून होते. ही संघटना मंत्रालयाने काढलेली नव्हती. आपल्या आसपास चांगले पुरवठादार नाहीत, या अडचणीतून एका मोठ्या कारखान्याने ती काढली, आणि सरकारी व युरोपीय निधी तिच्या मागाहून आला. क्रम असा असल्यामुळेच ती चालली, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद – भोसरीकर

वैनतेय, लेख आवडला. पुरवठादारांच्या अडचणीचा जो उल्लेख आपण ओझरता केला आहे, त्याविषयी यंत्रशाळा चालवणारा माणूस म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण क्लस्टर बनते की बनत नाही हे तेथेच ठरते.

विमानाच्या एखाद्या साध्या ॲल्युमिनियम ब्रॅकेटचे उदाहरण घ्या. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रावर तो कापणे हे आमच्यासारख्यांना अवघड नाही. मोटारीच्या कामात मुरलेला ऑपरेटर दोन-तीन महिन्यांत ते शिकतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. कच्च्या मालाच्या पट्टीचा हीट नंबर (ती धातूच्या कोणत्या ओतीतली आहे तो क्रमांक) कागदोपत्री शेवटपर्यंत त्या तुकड्याला चिकटलेला राहिला पाहिजे. मग चमकणाऱ्या द्रवात बुडवून केसाएवढी चीर आहे का ते अतिनील दिव्याखाली पाहायचे, मग ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर संरक्षक थर चढवणे), मग प्रायमर. कापणे सोडून यांतली प्रत्येक क्रिया ‘विशेष प्रक्रिया’ मानली जाते आणि तिच्यासाठी नॅडकॅप नावाची वेगळी मान्यता लागते. ती माणसाला किंवा कंपनीला सरसकट मिळत नाही, त्या विशिष्ट प्रक्रियेला मिळते, आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासली जाते. पंचवीस-तीस माणसांच्या वर्कशॉपला स्वतःची मान्यताप्राप्त ॲनोडायझिंग टाकी परवडत नाही. गावात ती कुणाकडेच नसेल तर आमचा माल ट्रकमध्ये बसून दुसऱ्या राज्यात जातो आणि परत येतो. त्यात आठवडे जातात, आणि एखादा तुकडा नापास झाला तर दोष कापणाऱ्याचा की प्लेटिंगवाल्याचा यावर वाद होतो. आम्ही स्वतः एका मोठ्या गिऱ्हाइकाचे काम याच कारणाने गमावले आहे.

म्हणून क्लस्टरमध्ये पन्नासावे कापणारे दुकान आले तर फारसा फरक पडत नाही. पहिली मान्यताप्राप्त प्रक्रियाशाळा आली की अवघे चित्र बदलते. तिला पुरेसे काम मिळायला आधी पंधरा-वीस कापणारी दुकाने हवीत, आणि ती दुकाने उभी राहायला आधी ती हवी. हे कोडे बाजार आपणहून सोडवत नाही. मोठा कारखाना स्वतःची प्रक्रियाशाळा बाहेरच्यांसाठी उघडतो किंवा अनुदान मिळते, तेव्हाच ते सुटते.

प्रतिसाद – मृण्मयी

धागालेखकांनी मांडलेला इतिहास मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. तग धरलेल्या गावाची निवड करून टिकाव हेच यशाचे कारण आहे असे सांगणे सोपे असते. कौशल्य होते आणि तरीही काही झाले नाही, अशा गावांचे काय?

स्लोव्हाकियातील मार्तिन हे असे शहर आहे. तेथे परवान्याखाली टी-७२ रणगाडे बनत असत. चेकोस्लोव्हाकियाच्या शस्त्रनिर्मितीचा मोठा वाटा स्लोव्हाकियात होता आणि १९९० नंतर प्रागमधील सरकारने ती आवरती घेण्याचे ठरवले, तेव्हा वाख नदीच्या खोऱ्यातील अशी शहरे एकदम कोलमडली. त्या रागाचा वाटा १९९३ च्या फाळणीतही होता. मार्तिनच्या कामगारांचे कसब मिएलेत्सच्या कामगारांपेक्षा कमी नव्हते. पण पुढे स्लोव्हाकियात जे मोठे वाहन-क्लस्टर उभे राहिले त्याची ठिकाणे पाहा: १९९१ मध्ये फोक्सवॅगन ब्रातिस्लाव्हात आली, २००६ मध्ये प्यूजो-सित्रोएन त्रनावात आणि किया झिलिनात, तर २०१८ मध्ये जग्वार लँड रोव्हर नित्रात. ही चारही शहरे देशाच्या पश्चिम आणि वायव्य भागात, ऑस्ट्रिया व चेकियाच्या बाजूला आहेत. चोपन्न लाखांच्या देशात वर्षाला दहा लाखांच्या आसपास मोटारी तयार होतात, आणि पूर्वेकडे कोशित्सेमध्ये बराच काळ मुख्य आधार राहिला तो अमेरिकी मालकीच्या पोलाद कारखान्याचा. ब्रातिस्लाव्हापासून कोशित्सेपर्यंतचा महामार्ग अजूनही सलग पूर्ण झालेला नाही. थोडक्यात, मोटार कंपनीने कसबापेक्षा रस्ता पाहिला.

दुसरा मुद्दा अधिक टोचणारा आहे. पोदकार्पाचे प्रांताचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या ७० टक्क्यांच्या आसपास आहे आणि विमान-खोऱ्याची संघटना स्थापन झाली तेव्हाही ते साधारण तेवढेच होते. म्हणजे इतकी गाजलेली क्लस्टर, पूर्व पोलंडच्या पाच मागास प्रांतांसाठी २००७ ते २०१३ या काळात राबवलेला सव्वादोन अब्ज युरोंचा खास युरोपीय कार्यक्रम, आणि एवढे सगळे होऊनही प्रांत देशाच्या तुलनेत जेथे होता तेथेच राहिला. प्रादेशिक धोरणाचे यश मोजायचे ते क्लस्टरच्या सदस्यसंख्येने की प्रांताच्या उत्पन्नाने?

प्रतिसाद – वैनतेय

मृण्मयी यांचा रस्त्याचा मुद्दा मोटारींच्या बाबतीत पूर्णपणे खरा आहे. मोटारीच्या जुळणीत आसने, बंपर, वायरिंग हे सगळे जुळणीच्या क्रमाने तासाभराच्या हिशेबाने यावे लागते. म्हणून किया झिलिनात आली तेव्हा तिचे कोरियन पुरवठादारही सोबत येऊन शेजारी बसले. विमानाचा भाग हलका आणि महाग असतो, त्याची वाट आठवडे पाहिली जाते. झेशूफला युक्रेनच्या सीमेपर्यंत जोडणारा ए-४ महामार्ग २०१६ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे विमान-खोरे जमून तेरा वर्षे झाल्यावर. तेव्हा रस्ता हवाच की नको याचे उत्तर कोणता उद्योग आणायचा आहे यावर अवलंबून राहील. मार्तिनबद्दल सांगायचे तर रणगाड्यांच्या कारखान्याला झेशूफसारखा पंचवीस वर्षांचा परदेशी ग्राहक नव्हता, आणि रणगाडे सोडून त्या यंत्रांवर दुसरे काय करायचे हे ठरवण्याइतका वेळही कुणी दिला नाही. माझ्या मूळ म्हणण्याला या उदाहरणाने बाध येतो असे मला वाटत नाही, उलट थोडा आधारच मिळतो.

उत्पन्नाचा मुद्दा मात्र मला खोडून काढता येणार नाही. एवढेच म्हणेन की या काळात पोलंडचे एकूण उत्पन्न अनेक पटींनी वाढले आणि त्या वाढीत वॉर्साचा वाटा फार मोठा होता. धावत्या राजधानीशी अंतर वाढू न देणे हेसुद्धा पूर्व सीमेवरच्या प्रांताला सहज जमणारे काम नव्हते.

प्रतिसाद – उत्तरवाहिनी

चर्चा मध्य युरोपातच अडकते आहे, म्हणून पूर्वेकडची दोन उदाहरणे मांडते. दोन्ही रशियातली आहेत.

लेनिनग्राद प्रांतातील पिकाल्योवो या छोट्या गावात तीन कारखाने होते. नेफेलिन या खनिजापासून ॲल्युमिना काढताना जो गाळ उरे त्यातून शेजारचा कारखाना सिमेंट करी, आणि उरलेल्या क्षारांपासून तिसरा सोडा व पोटॅश बनवी. नियोजनकारांनी हे एकच शरीर म्हणून बांधले होते. खासगीकरणात त्याचे तीन मालक झाले, किमतींवरून त्यांचे पटेनासे झाले, आणि २००८-०९ च्या मंदीत एक थांबल्यावर तिन्ही थांबले. पगार नाही, गरम पाणी नाही, अशा स्थितीत जून २००९ मध्ये लोकांनी महामार्ग अडवला. मग पंतप्रधान पुतिन स्वतः तेथे आले आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर उद्योगपती ओलेग देरिपास्का यांना बोलावून करारावर सही करायला लावली. उद्योगांची परस्परजोडणी पाठ्यपुस्तकात क्लस्टरचा गुण म्हणून येते. पिकाल्योवोत तीच जोडणी गावाच्या जिवावर उठली. अशी एकाच उद्योगावर जगणारी तीनशेहून अधिक शहरे रशियाच्या अधिकृत यादीत आहेत.

दुसरे उदाहरण मॉस्कोच्या नैर्ऋत्येकडील कालुगाचे. गव्हर्नर अनातोली आर्तामोनोव्ह यांच्या कारकिर्दीत या प्रांताने तयार औद्योगिक भूखंड, वीजजोडणी आणि एक खिडकी अशी व्यवस्था उभारली. त्यानंतर २००७ मध्ये फोक्सवॅगन, २००९ मध्ये व्होल्वोचे ट्रक आणि २०१० मध्ये प्यूजो-सित्रोएन व मित्सुबिशी यांचा संयुक्त कारखाना तेथे सुरू झाला. देशभरातले अधिकारी कालुगा पाहायला जात. संघराज्य सरकारने २०१२ मध्ये पंचवीस प्रायोगिक नवोन्मेषी क्लस्टर निवडल्या त्या याच उत्साहाच्या काळात. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये फोक्सवॅगनची जुळणी थांबली आणि पुढच्या वर्षी कारखाना स्थानिक खरेदीदाराला विकला गेला. स्थानिक पुरवठादारांची फळी त्या पंधरा वर्षांत काही प्रमाणात उभी राहिली होती. पण इंजिनाचे संगणक, गिअरबॉक्स, आराखडे आणि सॉफ्टवेअर बाहेरूनच येत असल्यामुळे उरलेल्या कौशल्यावर कारखाना आपल्या बळावर चालवणे शक्य नव्हते. कौशल्य टिकवणे महत्त्वाचे हे धागालेखकांचे म्हणणे मान्य करूनही विचारावेसे वाटते की कोणते कौशल्य, घडवण्याचे की आखण्याचे?

प्रतिसाद – शेंद्रा ते चाकण

या विषयाचा आपल्याशी थेट संबंध आहे, तो दोन बाजूंनी. पहिला सर्वांना ठाऊक आहे. संक्रमणाच्या काळात १९९१ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेलेली चेक कंपनी श्कोडा २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे आली आणि २००९ मध्ये त्याच समूहाचा चाकणचा कारखाना सुरू झाला.

दुसरा संबंध उलट दिशेचा आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. मराठवाड्यात वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीकडून पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय विकत घेतला, आणि त्यासोबत वॉर्साजवळच्या प्यासेच्नो येथील कारखानाही आला. तो मुळात समाजवादी पोलंडचा रंगीत ट्यूबचा सरकारी कारखाना. कामगार तरबेज होते, युरोपची बाजारपेठ दाराशी होती, आणि तरीही काही वर्षांतच तो बंद पडला, कारण काचेची ट्यूबच इतिहासजमा होत होती. त्याच सुमारास व्रोत्सवाफजवळ कोब्येजित्से येथे एलजी आणि फिलिप्सचा सपाट पडद्यांचा कारखाना नव्या जमिनीवर उभा राहिला, आणि पुढे त्याच परिसरात एलजीचा वाहनांच्या बॅटरींचा मोठा कारखाना आला. प्यासेच्नोचे जुने कसब या नव्या कारखान्यांच्या फारसे उपयोगी नव्हते. म्हणून कौशल्य टिकवण्यासाठी सरकारने पैसा ओतावा असे म्हणताना ते कौशल्य ज्या वस्तूचे आहे ती वस्तू दहा वर्षांनी बाजारात असेल का, हे कुणी तरी आधी सांगितले पाहिजे. विमान टिकले, ट्यूब गेली. १९९५ मध्ये हा फरक एखाद्या मंत्रालयाला ओळखता आला असता का, याबद्दल मला शंका आहे.

आपल्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची अ, ब, क, ड, ड-प्लस अशी वर्गवारी असते. युरोपीय संघाच्या सवलतीच्या नकाशातही मागासपणानुसार कमाल मदतीची टक्केवारी ठरते. दोन्हीकडे ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर फार तपशिलाने दिलेले असते, ‘काय’ हा प्रश्न बहुतेक गुंतवणूकदारावर सोडलेला असतो.

प्रतिसाद – भोसरीकर

पोलंडमध्ये त्या ‘कुठे’चे पुढे काय झाले? विशेष विभाग अजून मागास भागापुरतेच आहेत का? आणि उत्तरवाहिनी यांच्या प्रश्नाचे उत्तर झेशूफ-मिएलेत्सच्या बाबतीत काय येते, हेही वाचायला आवडेल.

प्रतिसाद – वैनतेय

विभागांचे काय झाले ते सांगतो, कारण त्यात गंमत आहे. कायद्याने एकूण चौदा विभाग राहिले, पण प्रत्येकाला दूरवर पोटविभाग काढण्याची मुभा मिळत गेली. गुंतवणूकदार म्हणेल त्या भूखंडावर विभागाची पाटी लागू लागली. मिएलेत्स विभागाचा एक पोटविभाग देशाच्या दुसऱ्या टोकाला, जर्मन सीमेजवळच्या श्चेचिनमध्ये होता! अखेर २०१८ च्या कायद्याने संपूर्ण देशच ‘पोलिश गुंतवणूक क्षेत्र’ ठरवला. मागास भागात अटी सौम्य आणि सवलतीची टक्केवारी जास्त, एवढा फरक उरला. युरोपीय संघात प्रवेश करण्यापूर्वीच युरोपीय आयोगाच्या दबावाने जुनी अमर्याद करमाफी जाऊन गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा आली होती. मागास प्रदेशासाठी काढलेले हत्यार सर्वांना वाटले गेले की त्याची धार प्रादेशिक राहत नाही, हे मला या प्रकरणातले सर्वांत स्पष्ट अपयश वाटते. ते आर्थिक कमी आणि राजकीय जास्त आहे, कारण कोणत्याही खासदाराला आपला जिल्हा वगळलेला चालत नाही.

आता घडवण्याचे आणि आखण्याचे. झेशूफचे चित्र मिश्र आहे. तेथील पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे तंत्र-विद्यापीठात, विमान अभियांत्रिकीची जुनी शाखा आहे, वैमानिकही तेथे तयार होतात, आणि इंजिन कारखान्याकडे भागांच्या अभिकल्पाचे (डिझाइनचे) काही काम आले आहे. मात्र पूर्ण इंजिन कोणते बनवायचे हे तेथे ठरत नाही. मिएलेत्समध्ये एम-२८ हे छोटे दोन इंजिनी विमान अजून बनते. ते सोव्हिएत आन-२८ वरून तेथेच विकसित झाले आणि त्याचा आराखडा त्या कंपनीकडे आहे. ब्लॅक हॉकचा आराखडा अर्थातच अमेरिकेत आहे, आणि २०१५ मध्ये लॉकहीड मार्टिनने सिकोर्स्की घेतल्यापासून दोन्हींची मालकी एकाच ठिकाणी आहे.

हे अवलंबित्व २०१५-१६ मध्ये उघडे पडले. पोलिश लष्कराच्या हेलिकॉप्टर खरेदीसाठी सरकारने आधी एअरबसचे काराकाल निवडले, तेव्हा मिएलेत्स आणि इटालियन मालकीचा श्विदनिक कारखाना, या दोन्ही हेलिकॉप्टर बनवणाऱ्या शहरांत मोठी नाराजी पसरली. सरकार बदलले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तो व्यवहार रद्द झाला. परदेशी मालकाच्या कारखान्यासाठी देशी कामगार संघटना आणि देशी लोकप्रतिनिधी भांडत होते, आणि त्यात विसंगत असे काही नव्हते, कारण भोसरीकर म्हणतात तसली प्रक्रियाशाळांची आणि छोट्या वर्कशॉपची साखळी त्यांच्याच मतदारसंघात होती. उत्तरवाहिनी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की आखण्याचे कौशल्य हाती नसताना क्लस्टरला आपल्या बाजूने टाकता येणारे वजन एवढेच असते: आपले सरकार कोणते हेलिकॉप्टर विकत घेते. कालुगाकडे तेवढेही नव्हते.